आधी दोरा ओवलेला हवा

नोएडातल्या एका संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीने रविवारी नाशिकला आईला फोन केला. राजधानीत भरणाऱ्या एका तंत्रज्ञान परिषदेने तिचा प्रस्ताव स्वीकारला होता. एक दिवसाची कार्यशाळा, तीस शिकणारे. सकाळी वेबसाइटचे डिझाइन, दुपारनंतर तीच वेबसाइट संगणकावर उभी करायची. मुलीच्या आवाजात आनंद होता, तशी थोडी धास्तीही होती.

आईने पंचवीस वर्षे घरात शिवणक्लास चालवला होता. तिने तोंडभर कौतुक केले आणि लगेच विचारले, "मशीन कुणाची? तुमची की ज्याची त्याची?"

"ज्याचा त्याचा लॅपटॉप, आई."

"मग झालं! अगं, पहिला तास दोरा ओवण्यातच जाणार. कुणाची बॉबिन अडकलेली, कुणाची सुई मोडकी. शिवण राहील बाजूला."

मुलगी हसली खरी, पण फोन ठेवल्यावर तिने वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'दोरा'.

परिषद म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, हारतुरे आणि लांबलचक भाषणे येतात. संगणकाच्या परिषदांमध्ये भाषणे असतातच, पण नवख्या माणसाच्या पदरात खरे काही पडते ते कार्यशाळेत. तिथे ऐकायचे कमी आणि हाताने करायचे जास्त. म्हणूनच भाषणाच्या तयारीपेक्षा कार्यशाळेची तयारी अवघड. भाषण फसले तर श्रोता जांभई देतो. कार्यशाळा फसली तर शिकायला आलेला माणूस घरी जाताना स्वतःलाच दोष देतो.

पायथॉन ही संगणकाची भाषा हे या बाबतीत चांगले उदाहरण आहे. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुली केली. नाव अजगराचे वाटते, पण ते घेतले आहे 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या कार्यक्रमावरून. या भाषेच्या चाहत्यांची पहिली कार्यशाळा १९९४ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये झाली, तेव्हा जेमतेम वीसेक माणसे जमली होती. भारतात 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. २०११ साली ती पुण्यात भरली. २०१६ मध्ये ती प्रथमच दिल्लीत आली, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या सभागृह संकुलात. २०१७ मध्येही ती दिल्लीतच, रोहिणीच्या शहीद सुखदेव महाविद्यालयात झाली. पुढे ती हैदराबाद आणि चेन्नईला गेली. अशा परिषदा प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर उभ्या राहतात. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ही मंडळी राबतात.

कार्यशाळा घेऊ इच्छिणाऱ्याला काही महिने आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. शिकणारा कोण, त्याला आधीपासून काय यायला हवे, त्याने सोबत काय आणायचे आणि दिवसअखेर त्याच्या हातात काय असेल, हे सारे त्यात लिहायचे. हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण. नोएडाच्या मुलीने पहिल्या मसुद्यात शिकवायचे अकरा विषय लिहिले होते. आईला ते वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "एका दिवसात झबलं होतं गं, ब्लाउज नाही." मग मुलीने हिशेब मांडला. कार्यक्रमपत्रिकेवर दहा ते पाच, म्हणजे सात तास. त्यातून जेवणाचा एक तास, दोन चहांचा अर्धा तास, सकाळी सगळे स्थिरस्थावर होण्याचा अर्धा तास आणि शेवटचा आवराआवरीचा अर्धा तास वजा केला. उरले साडेचार. अकरा विषयांचे चार झाले.

झबले कोणते शिवायचे, तेही ठरले. घरगुती डबे पुरवणाऱ्या एखाद्या बाईंसाठी एक पान. गिऱ्हाइकाने नाव, पत्ता, किती डबे आणि कोणत्या वारी एवढे भरायचे आणि ते बाईंच्या यादीत जाऊन बसायचे. छोटे काम, पण पुरे झालेले.

तीस लॅपटॉप आणि एक सॉकेट

आता 'दोरा'. शिकणाऱ्याच्या संगणकावर लागणारी साधने आधीच बसवलेली नसतील तर काय होते, हे साध्या गणिताने कळते. साधनांचा संच ५०० मेगाबाइटचा धरला आणि तीस जणांनी तो एकाच वेळी सभागृहाच्या इंटरनेटवरून उतरवायला घेतला, तर १५,००० मेगाबाइट झाले. सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी चाळीस मिनिटे लागतात. ती पूर्ण वेगाने कधीच चालत नाही, कारण शेजारच्या खोलीत दुसरी कार्यशाळा तेच करत असते.

विजेचेही तसेच. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला तर तीस लॅपटॉपना १,९५० वॅट लागतात. भिंतीवरचे साधे ६ अँपियरचे सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॅटच देते, म्हणजे फार तर एकवीस लॅपटॉप. एकाच सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दुसरा बोर्ड, त्याला तिसरा अशी आगगाडी जोडली की नेमका रंगात आलेला पाठ फ्यूज उडून अंधारात जातो. म्हणून सभागृह पाहायला जाताना पडद्याचा आकार पाहावा, पण त्याआधी सॉकेट मोजावीत आणि ती वेगवेगळ्या लाइनवर आहेत का, हे तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारून घ्यावे.

यावर उपाय आहेत आणि ते जगभर वापरले जातात. २०१४ च्या जुलैत बर्लिनला 'युरोपायथॉन' परिषद भरली, तेव्हा ओला सितारस्का आणि ओला सेंदेत्स्का या पोलंडच्या दोन तरुणींनी संगणकाची ओळख नसलेल्या मुलींसाठी 'जँगो गर्ल्स' ही मोफत कार्यशाळा सुरू केली. पुढे ती अनेक देशांत पोहोचली. तिच्या आयोजकांना दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. पहिली, आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावून गप्पा मारत, खातपीत संगणकावर साधने बसवून घ्यायची. दुसरी, साधारण तीन मुलींमागे एक मदतनीस हवा.

नोएडाच्या मुलीला आदली संध्याकाळ मिळणार नव्हती. गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद इथून माणसे येणार, त्यांना सलग दोन दिवस राजधानी ओलांडायला लावणे बरे नव्हे. तिने दहा दिवस आधी सगळ्यांना पत्र पाठवले. साधने कशी बसवायची ते चित्रांसह लिहिले आणि शेवटी एक छोटी चाचणी दिली. ती जमली की पडद्यावर जे दिसेल ते कळवा, न जमले तर तेही कळवा. त्यासाठी दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसण्याची तयारी ठेवली. शिवाय सारी साधने पाच पेन ड्राइव्हवर घेतली. इंटरनेट रुसले तरी अडायला नको.

टेबलावर वाजवलेले गाणे

साधने झाली, पण शिकवण्याचे काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक मजेदार प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीचे गाणे मनात म्हणत त्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने ते गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सुरांसकट सारे गाणे वाजत असते. ऐकणाऱ्याला ऐकू येते ती नुसती टकटक.

संगणक शिकवणाऱ्याचे नेमके हेच होते. त्याला स्वतःचे नवखेपण आठवत नाही. हे टाळायचा मार्ग एकच, नवख्या माणसासमोर रंगीत तालीम. मुलीने ती आईवरच करायची ठरवली. आईने घरातला जुना लॅपटॉप पुढे घेतला आणि व्हिडिओ कॉलवर मुलीच्या सूचना ऐकू लागली.

"आता टर्मिनल उघड."

"कुर्ल्याचं टर्मिनस ठाऊक आहे मला. हे कुठलं?"

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, हे मुलीला सांगावे लागले. पुढे आईने मुलीने पाठवलेली ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली, तरी संगणक ती नाकारू लागला. मुलीने पाठ वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिला होता आणि त्याने सरळ अवतरणचिन्हे आपणहून वळणदार करून टाकली होती. पायथॉनला ती चालत नाहीत. आणखी एका ठिकाणी आईने ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा 'नीटनेटके दिसावे' म्हणून काढून टाकली. पायथॉनमध्ये त्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. ती गेली की सारे बिघडते. पाऊण तासात आई सात ठिकाणी अडली. त्यातल्या सहा चुका आईच्या नव्हत्याच, पाठाच्या होत्या.

"मी बाई मठ्ठच," आई म्हणाली.

मुलगी गप्प झाली. पंचवीस वर्षांत शेकडो बायकांना शिवण शिकवलेली आई पाऊण तासात स्वतःला मठ्ठ म्हणू लागली होती. मग परिषदेत अनोळखी लोकांमध्ये बसलेल्या मुलीला काय वाटेल? त्या रात्री तिने अख्खा पाठ नव्याने लिहिला. चुकीचा संदेश कसा वाचायचा, हे त्यात सुरुवातीलाच घेतले. पायथॉनचा लांबलचक तांबडा संदेश पाहून घाबरायचे नाही, आधी त्याची शेवटची ओळ वाचायची. काय बिनसले ते बहुधा तिथेच लिहिलेले असते.

आधी वर्तमानपत्रावर कटिंग

डिझाइनचा भाग आईला फारसा समजावून सांगावा लागला नाही. नवी बाई क्लासला आली की तिला कुणी थेट कापडावर कात्री चालवू देत नाही. आधी वर्तमानपत्रावर कटिंग. वेबसाइटचेही तसेच असते. पान कसे दिसेल ते आधी कागदावर पेन्सिलीने काढायचे, कागदाचेच 'बटण' कापायचे आणि शेजारणीला गिऱ्हाईक करून त्या कागदावर बोट ठेवायला सांगायचे. ती बोट कुठे ठेवते, कुठे घुटमळते, ते आपण गप्प बसून पाहायचे. 'अगं, तिथे नाही, इथे' असे सांगायचा मोह आवरणे हाच डिझाइनचा पहिला धडा.

कागदावरची चूक दोन मिनिटांत खोडता येते. तीच संगणकावर उतरल्यानंतर सापडली तर दोन तास खाते. किती जणांना विचारावे, याचाही अंदाज बांधला गेला आहे. वापराच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच माणसांकडून तपासून घेतले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. मुलीने मग आपल्या पाठालाही हाच नियम लावला. आईनंतर आणखी चार जणांवर तालीम केली. त्यात एक शेजारच्या आजी होत्या आणि एक सोसायटीतला दहावीचा मुलगा.

तिने कार्यशाळेच्या भाषेचाही विचार केला. राजधानीत येणाऱ्यांची बोली हिंदी, पुस्तके इंग्रजी आणि संगणकाचे संदेशही इंग्रजी. समजावणे हिंदीत आणि तांत्रिक शब्द आहेत तसे, असे तिने ठरवले. मातृभाषेतून शिकायची सोय आता आहेही. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे छोटे ध्वनिचित्रपाठ मोफत दिले आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर आपले काम, अशी त्यांची रीत आहे. कार्यशाळेहून परतलेल्याला पुढचा अभ्यास घरबसल्या करता येतो.

हात वर न करता

वर्गात 'कळले का?' असे विचारले की माना डोलतात. न कळलेल्याचीही डोलते. शास्त्रज्ञांना संगणक शिकवण्यासाठी ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू केलेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमाच्या वर्गांत यावर सोपा उपाय रूढ झाला. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या द्यायच्या. काम झाले की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा, अडले की दुसरा. हात वर करायला नको, सगळ्यांसमोर बोलायला नको. शिक्षकाला समोरून सारा वर्ग एका नजरेत दिसतो आणि मदतनीस अडलेल्यापाशी मुकाट्याने जाऊन उभा राहतो.

दिल्लीनेही या विषयाला एक धडा दिला आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्रा यांनी कालकाजीमध्ये एनआयआयटीच्या कार्यालयाच्या कुंपणभिंतीत एक संगणक बसवला आणि तो पलीकडच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी खुला ठेवला. मुले घोळका करून भोवती जमत. एकाला काही जमले की तो दुसऱ्याला दाखवी. या प्रयोगावर पुढे वाद पुष्कळ झाले, पण शेजारी बसलेल्याकडून शिकणे सोपे जाते, हे कोणत्याही शिवणक्लासात दिसते. फरक एवढाच की त्या मुलांपाशी महिनोन्‌महिने होते, कार्यशाळेपाशी साडेचार तास. म्हणून तिने दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि कंपनीतल्या नऊ सहकाऱ्यांना मदतनीस म्हणून गळ घातली.

दिवस आला आणि गेला. रात्री नाशिकचा फोन वाजला.

"किती जणांचं झबलं पुरं झालं?" आईने विचारले. कसे झाले, टाळ्या पडल्या का, हे तिने विचारलेच नाही.

"सव्वीस, आई. तीसपैकी सव्वीस!"

"आणि बाकीचे चार?"

"दोघांचं थोडं राहिलं, घरी करतील. दोन मुली जेवणानंतर आल्याच नाहीत."

"का आल्या नाहीत?"

मुलीला ते ठाऊक नव्हते. सकाळी कागदावरच्या कामात त्या दोघी सर्वांत पुढे होत्या, एवढे तिला आठवत होते. दुपारी चिठ्ठ्यांच्या गर्दीत त्यांच्या रिकाम्या खुर्च्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. जिथे लॅपटॉपच नाही, तिथे अडल्याची चिठ्ठी लागणार तरी कशाला?

सोमवारी तिने दोघींना पत्र लिहिले. एकीचे उत्तर आले नाही. दुसरीचे आले. ती मेरठच्या एका महाविद्यालयात शिकत होती आणि पहाटेची गाडी पकडून आली होती. लॅपटॉप भावाचा होता. त्यावर काही नवे बसवायचे तर भावाचा पासवर्ड लागतो आणि तो त्याने दिला नाही. दहा दिवस आधीच्या पत्राला तिने 'सगळे जमले' असे कळवले होते, कारण 'जमले नाही' असे लिहिले तर जागा जाईल अशी तिला भीती वाटली. कागदाचे काम तिला फार आवडले. जेवताना मात्र तिला वाटले की आता सगळ्यांसमोर उघडे पडण्यापेक्षा निघून गेलेले बरे.

मुलीने ते पत्र आईला वाचून दाखवले. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या क्लासात कोपऱ्यात एक जुनं मशीन असायचं, आठवतं? दोरा ओवून ठेवलेलं. तू नेहमी विचारायचीस, हे कुणाचं? ज्यांच्या घरी मशीन नाही ना, त्यांच्यासाठी होतं ते. मी कधी कुणाला विचारलं नाही, तुमच्याकडे आहे का म्हणून. ज्या बाईला हवं ती आपसूक जाऊन बसायची."

मुलीने वही काढली. पुढच्या कार्यशाळेच्या पानावर, सॉकेटच्या आणि पेन ड्राइव्हच्या यादीच्याही वर तिने लिहिले, 'कंपनीकडून दोन लॅपटॉप मागून घेणे. साधने बसवून, चालू करून मागच्या टेबलावर ठेवणे. कुणाला काही विचारायचे नाही.' पत्राच्या मसुद्यात पहिलेच वाक्य घातले, 'स्वतःचा संगणक नसला तरी जरूर या.' आणि मेरठच्या मुलीला त्याच रात्री उत्तर पाठवले की पुढच्या वेळची पहिली जागा तिची आहे.